गोटीरामचा ट्रक स्लोवर टिकेना

"काय होतंय ता सांगत पन नाय. नुसती खोकते आन मरते. खोकते आन मरते."

गोजरा ओट्यावर सुकटीची डोकी मोडत बसली होती. बॉनेटखालून आलेली ही कुरकुर आपल्याबद्दलच आहे असं तिला वाटलं, कारण गेला आठवडाभर तीही खोकत होती.

"मी कंदी खोकली? काढा घेतल्यापासून गप हाय," ती म्हणाली.

बॉनेटखालून गोटीरामचं डोकं वर आलं. नाकाला काळं लागलेलं. "तुना कोन बोलतंय गो? मी हिला बोलतंय."

हिला म्हणजे ट्रकला. गोजराने सुकटीचं सूप मांडीवर सरकवलं आणि पुढचं डोकं मोडलं. नवरा आयुष्यभरात आपल्याशी जेवढं बोलला नसेल, तेवढं या मार्गशीर्षात ट्रकशी बोलला, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिला त्याचा राग नव्हता. ट्रक निदान उलट विचारत नव्हता.

ट्रक होताही घरातल्या माणसासारखा. शिरवण्याच्या गावठाणात, दोन्हीकडून भाडेकरूंच्या खोल्यांनी आवळलेल्या अंगणात तो उभा असायचा. बेलापूर पट्टीत पहिले कारखाने उभे राहत होते, तेव्हा एका परदेशी कंत्राटदाराने काम संपल्यावर सामान लिलावात काढलं. गोटीरामचा बाप बाजीराव तिथे लोखंडी पाईप बघायला गेला आणि ट्रक घेऊन आला. पेट्रोलवर चालणारा, स्टिअरिंग डावीकडे. त्याने आधी मीठ वाहिलं, भात वाहिलं. मग मिठागरं गेली, शेतं गेली, आणि त्या शेतांवर नेरूळच्या बिल्डिंगा उठू लागल्या, तेव्हा त्या बिल्डिंगांना लागणाऱ्या विटाही यानेच वाहिल्या. "आपल्याच शेतावर दुसऱ्याचं घर बांधायला आपुनच विटा नेल्या, असं येडं गाव बघितलंय का कुठं?" असं गोजरा पाहुण्यांना हसत सांगायची.

या घरात आलेली प्रत्येक सून या ट्रकमधून आली आणि सासरी गेलेली प्रत्येक लेक याच ट्रकमधून गेली. गोजरा स्वतः आली तेव्हा ट्रकने सकाळीच मीठ पोचवलं होतं. तिच्या लग्नाच्या शालूला लागलेला तो खारट ओलावा पुढे कधी गेलाच नाही. आणि नमिता आली ती याच ट्रकच्या पुढच्या सीटवर, प्रीतमच्या शेजारी बसून, दाराला झेंडूच्या माळा आणि मागे हळदीत न्हालेली सगळी भावकी नाचत.

प्रीतम गोजराचा एकुलता एक. दीड वर्षापूर्वी पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग डॉक्टर झाले, आणि डॉक्टर जेव्हा हात पुसत बाहेर आले तेव्हा नमिता त्याच्यासाठी उसाचा रस आणायला गेली होती.

ट्रकचा आणि प्रीतमचा एक खेळ होता. थंड इंजिनाला सुरू होताना हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं, एवढं गोजरालाही ऐकून ऐकून पाठ झालं होतं. त्यासाठी कारबोरेटरच्या तोंडावर एक झडप असते, तिला म्हणायचं चोक. या ट्रकचा चोक आपोआप चालायचा. बाजूला बसवलेल्या एका गोल डबीत स्प्रिंग, आणि त्या डबीत कारबोरेटरने एका बारीक भोकातून गरम हवा ओढून घ्यायची. ती डबी बाजीरावाच्या वेळीच बिघडली. तेव्हापासून सकाळी कुणीतरी बॉनेटखाली उभं राहून कारबोरेटरच्या तोंडावर तळवा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने आत बसून चावी फिरवायची. इंजिन तळवा ओढून घ्यायचं. जमलं तर ट्रक सुरू व्हायचा, नाही तर तोंडातून भपकन जाळ.

तळवा प्रीतमचा, चावी नमिताची. सकाळचा चहा व्हायच्या आत अंगणात हे चालायचं. "मार!" तो ओरडायचा. "मारली!" ती ओरडायची. जेवताना त्याच्या हाताला पेट्रोलचा वास यायचा म्हणून ती नाक मुरडायची, आणि तो मुद्दाम त्याच हाताने तिच्या ताटातला मासा पळवायचा.

तो गेल्यावर गोटीरामने एकदा ट्रक सुरू करायचा घाट घातला. नमिताला आत बसवलं, आपण तळवा धरला आणि ओरडला, "मार!" नमिताने चावीला हात घातला. समोर वर उचललेलं बॉनेट, बाजूने दिसणारा एक खांदा, आणि आवाज दुसराच. तिने चावी सोडली, खाली उतरली आणि घरात निघून गेली. त्यानंतर ट्रकवर कोंबड्या बसू लागल्या.

त्या कोंबड्या हाकलल्या गेल्या त्या गोजरामुळेच.

घणसोलीच्या सदूचं स्थळ तिने आणलं. तिच्या बहिणीच्या शेजारचा मुलगा, कंपनीत ऑपरेटर, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूल नाही. तेवीस वर्षांच्या पोरीने आपल्या घरात भिंतीकडे बघत म्हातारं व्हायचं का, हे गोजराने नवऱ्याला रात्री विचारलं आणि सकाळी पुन्हा विचारलं. दुसऱ्या वेळी गोटीराम म्हणाला, "बरा." नंतर मोरीत जाऊन त्याने बराच वेळ तोंड धुतलं.

विधवेचा पाट लावायचा तो गुपचूप, अंधार पडल्यावर, चार माणसांत, असं भावकीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. सदू बघायला आला तेव्हा तोही चांगल्या मनाने म्हणाला, "मी रिक्षा घेऊन येतो बाबा, तुमाला त्रास नको." गोटीरामचं तोंड लाल झालं.

"रिक्षान् कशाला? ती चोरीचा माल हाय? या घरान् ट्रकमधून आली, ट्रकमधूनच जाईल. दिवसाउजेडी. हॉर्न वाजवत."

भावकीत त्याचं नाव झालं. लेकीसारखी सून धाडतो, म्हणाले. गोजरालाही भरून आलं. पण दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही, किंवा आलं असेल तर ओठांवर आलं नाही, की ट्रक दीड वर्ष बंद आहे. तो सुरू होईस्तोवर पोर कुठेही जात नाही.

मग सिताराम मिस्त्री आला. एमायडीसीच्या फाटकाबाहेर त्याचं गॅरेज. त्याने ट्रकभोवती फेरी मारली, बिडी पेटवली आणि ठरवलं, "तलव्याचा धंदा बंद. हाताचा चोक बसवू." कुर्ल्याच्या भंगारातून एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीची चोकची वायर आणली, मुठीसकट. जुनी डबी उपटून फेकली, डॅशबोर्डला भोक पाडलं, वायर आत नेली, झडपेच्या खिट्टीला बांधली. मूठ ओढली की झडप बंद, ढकलली की उघडी. पहिल्याच चावीला ट्रक सुरू झाला. गोजराने नारळ फोडला.

आणि तिथून रडगाणं सुरू झालं.

पहिल्या दिवशी ट्रक थांबेचना. कुणी अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता नुसताच बोंबलत राहिला, पत्रे थरथरले, मागच्या खोलीतला भाडेकरू सुभाष बनियनवर बाहेर आला. वायर जास्त ताणली होती, खिट्टी पूर्ण मागे येत नव्हती. सितारामने ती ढिली केली. मग काळा धूर. ओळीवर वाळत घातलेली सुभाषच्या ऑफिसची पांढरी पँट राखाडी झाली. झडप अर्धवट मिटून राहत होती. तीही सरळ केली. आता उरलं एकच दुखणं, पण चिवट. चोक अर्धा ओढलेला असला की इंजिन कसंबसं चालायचं. मूठ आत ढकलली की हुंदके द्यायचं, डावी-उजवीकडे हलायचं आणि मरायचं. स्लोवर, म्हणजे पाय न लावता मंद लयीत, काही टिकायचं नाही.

सितारामने स्क्रू पिळला. प्लग बदलले. पॉइंट घासले. कारबोरेटर उकलून पेट्रोलमध्ये धुतला आणि तोंडाने फुंकर मारमारून त्याचे ओठ सोलले. रोज संध्याकाळी येऊन तो चहा प्यायचा, इंजिनाला कान लावायचा आणि मान हलवायचा.

"काका, आमच्या ऑफिसच्या गाडीचं सेम असंच झालं होतं," सुभाष म्हणाला.

"मंग काय केला?"

"विकली."

गोटीरामने त्याच्याकडे असं बघितलं की त्या महिन्याचं भाडं सुभाषने दोन दिवस आधीच दिलं.

तुळशीचं लग्न झालं की पाट लावू, असं ठरलं होतं. तुळशीचं लग्न झालं. मार्गशीर्ष लागला. घणसोलीहून निरोप यायचा, गोटीराम सांगायचा, "गाडी रांगेला लागली की." म्हणताना तो जरा उत्साहानेच म्हणतो, हे गोजराच्या कानाला टोचायचं. पुढे पौष. पौषात असलं काही करत नाहीत. पौष लागला की सगळं माघावर गेलं. माघात काय होईल कोण जाणे. सदूला दुसरं स्थळ मिळेल. ती हा विचार करायची, मग स्वतःच्याच अंगावर काटा यायचा, आणि तरी सकाळी उठून पुन्हा तोच.

नमिताला मात्र कुणीच काही विचारलं नव्हतं.

म्हणजे, सांगितलं होतं. "बाय, तुजं भलं हाय त्याच्यान्," असं गोजराने तिचे केस विंचरताना सांगितलं, आणि नमिताने खाली बघितलं. खाली बघण्याला होकार म्हणतात असं समजून काम पुढे गेलं. जायचंय का, असे साधे दोन शब्द होते. गोजराच्या जिभेवर ते कितीदा येऊन बसले. पोर नाही म्हणाली तर तिला घराबाहेर काढल्यासारखं होईल. आणि हो म्हणाली तर? नाही ऐकणं जड होतं. हो ऐकायचं तर त्याहून जड. म्हणून गोजरा फणी धुवायला उठायची.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी गोजराने घट मांडला होता. संध्याकाळी गावठाणातल्या सवाष्णी हळदीकुंकवाला आल्या. अशा वेळी नमिता घरात थांबत नसे. कुणी तिला जा म्हणालं नव्हतं. पहिल्या वर्षी एक म्हातारी करंडा हातात घेऊन तिच्यासमोर गोंधळून थांबली, तेवढ्यावर तिने काय ते ओळखलं. ती ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसायची.

बायका गेल्यावर गोजरा बशीत केळं आणि दूध घेऊन अंगणात आली. सिताराम इंजिन चालू ठेवून पाना शोधायला पिशवीत हात घालून बसला होता. चोक अर्धा ओढलेला. इंजिन डुलत होतं. गोजरा बॉनेटजवळून गेली आणि थबकली.

त्या सगळ्या खडखडाटात एक बारीक आवाज होता. स्स्स. तिच्या कुकरची रिंग झिजली होती तेव्हा शिट्टी व्हायची नाही, डाळ शिजायची नाही, आणि कडेने असाच आवाज यायचा. कुठून तरी हवा जात होती. नाही, इथे आत ओढली जात होती. ती वाकली. जुनी डबी जिथून उपटली होती तिथे, कारबोरेटरच्या कुशीत, करंगळी मावेल एवढं भोक उघडंच होतं.

तिने मान वर केली. सिताराम तिच्याकडेच बघत होता. तो लगबगीने पुन्हा पिशवीत बघू लागला.

गोजरा तिथून वळली. बशी घेऊन केबिनचं दार उघडलं आणि सुनेशेजारी चढून बसली.

"घे, परसाद."

नमिताने केळं घेतलं, सोललं, अर्धं सासूला दिलं. मग चोकची मूठ हळूच आत ढकलली. इंजिन हुंदकलं. तिने पुन्हा ओढली. शांत. पुन्हा ढकलली.

"आये, पौस लागला तर?"

"माघ हायच की गो. पलून जातंय का?"

मूठ आत, मूठ बाहेर. गोजराला वाटलं, जीव अडकलाय पोरीचा. नको वाटतंय तिला जायला. हे वाटलं आणि तिच्या आतून काहीतरी ऊबदार सरकत गेलं, इतकं की तिला लाज वाटली. तिने सुनेचा हात हातात घेतला. तळव्याला पेट्रोलचा वास होता. त्या वासाने गोजराला पुढचं काही दिसेना.

"हात धू बाय," एवढंच ती म्हणाली.

शनिवारी सकाळी बहिणीचा निरोप आला. नाक्यावरच्या पीसीओवाल्याने हाक मारली, गोजरा पदर सावरत गेली, ऐकलं आणि आली. अंगणात गोटीराम आणि सिताराम बॉनेटवर वाकले होते, इंजिन धापा टाकत होतं. नमिता ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"काय म्हंते तुजी बहीन?" गोटीरामने न वळता विचारलं.

"उद्या न्या, म्हंते. नायतर माघान्. सोमवारी आवस, मंग पौस."

गोटीरामने केबिनच्या दारातून हात घालून मूठ आत ढकलली. इंजिन दोनदा आचके देऊन मेलं. अंगण एकदम मोकळं झाल्यासारखं शांत झालं.

"बघ," तो म्हणाला, आणि फडक्याला हात पुसू लागला. "बघितलास? मी काय करू? माजी काय मनीषा हाय का आडवायची?"

"तसा नाय कोनी बोललं," गोजरा म्हणाली.

"कारबोरेटरच गेलाय," सिताराम जमिनीकडे बघत म्हणाला. "दुसरा बघाया लागंल कुर्ल्यान्. जुना माल, मिलाया टाइम लागतो."

"किती?"

"आता... माघ उजाडंल."

गोटीरामने मान हलवली, गंभीर, जबाबदार माणसासारखी. पण फडकं खांद्यावर टाकताना त्याचे खांदे खाली आले, ओझं उतरल्यासारखे, आणि गोजराने ते बघितलं, आणि तिचेही खांदे खाली आले.

"कलवून टाक तुज्या बहिनीला. माघान् बघू. गाडी रांगेला लागली की."

ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. नमिता ओट्यावरून उतरली, पदर खोचला, ट्रकजवळ आली.

"बाबा, मार."

"काय?"

"आत बसा. मूठ ओढा, चावी मारा."

गोटीरामने बायकोकडे बघितलं. बायकोने सितारामकडे बघितलं. सिताराम बिडी शोधू लागला. शेवटी गोटीराम केबिनमध्ये चढला. नमिता बॉनेटखाली उभी राहिली, जिथे प्रीतम उभा राहायचा तिथेच, तसाच एक खांदा बाहेर.

"मार!" ती म्हणाली.

इंजिन धापा टाकत सुरू झालं.

"आता मूठ ढकला. पूर्न."

"मरंल गो ती!"

"ढकला, बाबा."

गोटीरामने मूठ ढकलली. इंजिन हुंदकलं, हललं, बुडायला लागलं, आणि त्याच क्षणी नमिताने कारबोरेटरच्या कुशीत अंगठा टेकवला. इंजिनाने अंगठा ओढून घेतला. स्स्स थांबलं.

ट्रक स्लोवर लागला. ना खोकला, ना हुंदका. जेवून ओट्यावर बसलेल्या माणसासारखा, एका लयीत, खाली, शांत. प्रीतमच्या वेळी वीटभट्टीवर माल भरेस्तोवर असाच उभा असायचा. पत्र्यावरच्या कोंबडीनेही मान खाली केली. गोटीराम स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसता ऐकत राहिला.

सितारामने बिडी सापडलीच नाही असं करून शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक बूच काढलं. पितळी, कानशीने घासून नेमकं केलेलं, त्या भोकाच्याच मापाचं. ते खिशात राहून राहून चकचकीत झालं होतं.

"कवापासून हाय ता तुज्याकरं?" गोटीराम केबिनमधून म्हणाला.

"पयल्या दिसापासून." सिताराम बूच तळव्यावर धरून उभा होता. "तू इचारलाच नाय, गोटीराम. मना वाटला, इचारशील तवा देईन."

गोटीराम रागावला नाही. त्याने रागवायचं तरी कशाच्या जोरावर? त्याने दाराच्या काचेतून बायकोकडे बघितलं. गोजराने पदराचं टोक दातात धरलं होतं, आणि त्याला कळलं की हिलाही ठाऊक होतं. आणि तिला कळलं की त्यालाही.

नमिताचा अंगठा तिथेच होता. बोटाभोवती पेट्रोल पाझरून मनगटापर्यंत आलं होतं. ती कुणावर चिडली नव्हती. तिचे डोळे भरले होते, आणि प्रीतम गेल्यापासून पहिल्यांदा तिने ते खाली केले नव्हते.

"मना पन ठाव होता," ती म्हणाली. "केबिनीन् बसून बसून ऐकलाय मी. मना वाटला, तुमीच बुजवाल. आज बुजवाल, उद्या बुजवाल. मी वाट बघली."

"बाय, तुना कोन धाडीत नाय गो," गोटीराम कसाबसा म्हणाला, खाली उतरत. "तुजं मन नसंल तर... हे घर तुजंच हाय. आमी काय तुना..."

"तसा नाय, बाबा."

तिने अंगठा काढला नाही. इंजिन शांत चालत होतं. तिने सासूकडे बघितलं, मग सासऱ्याकडे.

"मना जावाचा हाय," नमिता म्हणाली.